ख्रिसमसचं डेकोरेशन आणि खाऊ मुलांसोबत घरीच करायचाय? मग आधी सुकायचा वेळ मोजा

डिसेंबर लागला की मुलं मागे लागतात, झाडाला लावायचं सगळं यंदा घरीच करूया. आपणही जोशात हो म्हणून टाकतो, मग मधले दिवस कुठे जातात कळत नाही आणि तेवीस तारखेला रात्री आठ वाजता मैदा, ग्लू, रंग, चॉकलेट सगळं एकाच टेबलावर मांडून बसतो, आणि साडेआठपर्यंत एक जण रडतोय, एक जण मिठाचं पीठ चाटतोय आणि आपण दोघांवर खेकसतोय. मी हे सलग दोन वर्षं केलंय. तिसऱ्या वर्षी डोक्यात प्रकाश पडला की यातलं काहीच अवघड नाहीये, फक्त निम्मं काम म्हणजे नुसती वाट बघणं आहे. मिठाचं पीठ सुकायला वेळ, त्यावरचा रंग सुकायला वेळ, संत्र्याच्या चकत्यांना वेळ, कुकीचं पीठ गार व्हायला वेळ, आयसिंग कडक व्हायला वेळ. आणि चार-पाच वर्षांच्या मुलाचा पेशन्स असतो वीस मिनिटांचा, तोही पोट भरलेलं असेल तर. म्हणून सगळं वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत पाडायचं आणि मधलं सुकणं रात्रीवर आणि ओव्हनवर सोडून द्यायचं. बाकीचं खाली लिहिलंय ते याच हिशोबाने.

सुरुवात कागदाच्या साखळीने करा, कारण तीच तुमचं टाइमटेबल होते. ए-फोर साइजचे तीन रंगीत कागद घ्या, आडव्या बाजूने तीन-तीन सेंटिमीटरच्या पट्ट्या कापा, एका कागदातून नऊ निघतात म्हणजे तीन कागदांत सत्तावीस, चोवीस वापरायच्या आणि तीन फाटायला ठेवायच्या (फाटतातच). प्रत्येक पट्टीच्या आतल्या बाजूला एक छोटं काम लिहायचं, आज संत्री चिरायची, आज ताऱ्यांना रंग, आज नुसतंच गरम कोको पिऊन लवकर झोपायचं, आणि मग कडी करून पुढची पट्टी त्यातून ओवत जायचं. ग्लू लावून कडी धरून ठेवायला लहान मुलांना कंटाळा येतो, त्यामुळे ग्लू स्टिक लावली की त्यावर कपड्यांचा चिमटा अडकवून टाका आणि पुढच्या कडीकडे वळा. मोठ्या मुलांच्या हातात सरळ स्टेपलर द्या. १ डिसेंबरपासून रोज एक कडी फाडायची. एक फायदा असा की "अजून किती दिवस?" हे दिवसातून चाळीस वेळा ऐकावं लागत नाही, साखळीकडे बोट दाखवायचं.

दुसऱ्या दिवशी स्नोफ्लेक. इथे बहुतेक जण एक चूक करतात, कागद नुसता चार घड्या घालून कापतात आणि मग आठ टोकांचं काहीतरी निघतं. बर्फाच्या कणाला सहा टोकं असतात, कारण पाण्याचे रेणू गोठताना षटकोनी जाळीत बसतात. हा प्रश्न केप्लरला सुद्धा पडला होता, ग्रहांच्या कक्षा शोधणारा तोच केप्लर, १६११ साली त्याने यावर एक छोटा निबंध लिहिला, आणि १८८५ मध्ये विल्सन बेंटली नावाच्या अमेरिकन शेतकऱ्याने मायक्रोस्कोपला कॅमेरा जोडून पहिल्यांदा बर्फाच्या एका कणाचा फोटो काढला, मग आयुष्यभर काढतच राहिला, पाच हजारांच्या वर. हे मुलांना सांगा, सहाच टोकं का हवीत हा हट्ट मग ती स्वतःच धरतात.

घडी अशी. चौकोनी कागद घ्या, तिरका दुमडून त्रिकोण करा. तो त्रिकोण परत मधोमध दुमडा. आता जे टोक मूळ कागदाचा मध्य आहे (जिथे सगळ्या घड्या येऊन मिळतात) ते खाली धरा, आणि त्या टोकापासून एक बाजू पुढून आणि दुसरी मागून अशी आणा की बरोब्बर तीन समान भाग होतील, पंख्यासारखे. नीट झालं तर एक निमुळता सुरीसारखा तुकडा हातात येतो, बारा थरांचा. वरची वेडीवाकडी टोकं कापून टाका आणि मग कडेने छोटे त्रिकोण, अर्धगोल, चिरा काय हवं ते. फक्त एक नियम, कोणतीच कात्री एका घडीपासून दुसऱ्या घडीपर्यंत आरपार जायला नको, नाहीतर फ्लेक उघडताना दोन तुकडे हातात येतात. कागद पातळ हवा, जाड कार्डपेपरचे बारा थर मुलांच्या कात्रीने कापले जात नाहीत आणि मग सगळं आपल्यालाच कापत बसावं लागतं. उघडताना मात्र तुम्ही हात लावू नका, तो क्षण त्यांचा आहे. उघडून झाला की दोन कागदांच्या मध्ये ठेवून कोमट इस्त्री फिरवली की घड्या जातात आणि काचेवर सपाट बसतो.

आता मिठाचं पीठ, म्हणजे सॉल्ट डो. माझ्या मते घरच्या डेकोरेशनमधला राजा हाच, कारण हाताचा ठसा, कुत्र्याचा पंजा, वेडावाकडा तारा, काहीही टिकतं. दोन कप मैदा, एक कप बारीक मीठ, पाऊण ते एक कप कोमट पाणी. पाणी एकदम ओतायचं नाही, शेवटचा पाव कप चमच्या-चमच्याने. पाचेक मिनिटं मळा, कानाच्या पाळीइतकं मऊ झालं आणि बोटाला चिकटायचं थांबलं की झालं. चिकटत असेल तर थोडा मैदा, भेगा पडत असतील तर ओला हात. बेकिंग पावडर मिसळलेला तयार मैदा मिळतो तो अजिबात नको, फुगेल. बटर पेपरवरच लाटा, पोळपाटावरून उचलताना आकार ओढले जातात, बटर पेपर मात्र तसाच्या तसा ट्रेमध्ये सरकवता येतो. जाडी साधारण अर्धा सेंटिमीटर, पातळ केलं तर सुकताना वाकतं आणि जाड केलं तर आतून ओलंच राहतं. कटरने कापा, कटर नसेल तर वाटी, झाकण, ग्लास काहीही चालतं. भोक पाडायला स्ट्रॉ बेस्ट, काठापासून एक सेंटिमीटर आत, आणि हे आत्ताच पाडायचं हां, सुकल्यावर पाडायला गेलात तर तारा दोन तुकड्यांत.

आमच्याकडे पहिल्या वर्षी मी घाईत ओव्हन १८०वर ठेवला, म्हटलं लवकर होईल. वीस मिनिटांनी बघते तर सगळे तारे टम्म फुगलेले, एकाला तर मधोमध फोड आलेला, आणि लेकीच्या हाताच्या ठशाची पाचही बोटं गायब. आत अडकलेल्या पाण्याची वाफ झाली की बाहेर पडायला जागा नसते, ती पीठच वर उचलते. १०० ते १२० डिग्री, दोन ते तीन तास, अर्ध्यावर एकदा उलटायचं, बस. मागच्या बाजूला नखाने दाबून बघा, दबलं तर अजून ठेवा. ओव्हन नसेल तर जाळीवर ठेवून हवेत सुकवा, दोन-तीन दिवसांपासून आठवडाभर लागू शकतो हवेप्रमाणे, रोज उलटत राहायचं. पूर्ण गार झाल्यावरच रंग. ॲक्रिलिक किंवा पोस्टर कलर चालतो पण वॉटर कलर फार पाणी घेऊन लावू नका, मीठ ते पाणी पिऊन बसतं. मागे मुलाचं नाव आणि साल लिहा, आत्ता वाटतं लक्षात राहील पण तीन वर्षांनी कोणता हात कोणाचा यावरून भांडणं होतात.

शेवटी दोन्ही बाजूंनी आणि कडेने सुद्धा वॉर्निश किंवा पारदर्शक नेलपॉलिश, हे मोठ्या माणसाने खिडकी उघडी ठेवून लावायचं. मीठ हवेतला ओलावा ओढतं, एक जागा जरी उघडी राहिली तरी तिथून मऊ पडायला लागतं. आणि घरात कुत्रा असेल तर हे तारे झाडाच्या वरच्या फांद्यांना. यात इतकं मीठ असतं की कुत्र्याने एखाद-दोन खाल्ले तरी चांगलंच आजारी पडू शकतो, हे गमतीत घेऊ नका.

हे ओव्हनमध्ये असताना दुसरीकडे पाइनच्या शंकूंची गंमत करा. बाहेरून उचलून आणलेले शंकू आधी फॉइलवर ठेवून शंभर डिग्रीला अर्धा तास, लक्ष ठेवून, त्यातले किडे मरतात आणि मिटलेले असतील तर उमलतात. मग एक उमललेला शंकू मुलाला पाण्याच्या भांड्यात टाकायला सांगा. तासा-दोन तासांत तो घट्ट मिटतो, बाहेर काढून सुकवला की परत उघडतो. त्याच्या प्रत्येक खवल्याचे दोन थर असतात आणि ओले झाल्यावर एक थर दुसऱ्यापेक्षा जास्त फुगतो म्हणून खवला आत वळतो, कोरड्या हवेत बी उडून लांब जावं यासाठी झाडाने केलेली ही सोय. माझ्या भाच्याने त्या दिवशी एकही डेकोरेशन केलं नाही, नुसता शंकू बुडवत आणि वाळवत बसला, आणि मी त्याला बसू दिलं. सजवायचा असेल तर खवल्यांच्या टोकांना पांढरा ग्लू लावून वर जाडं मीठ भुरभुरा, सुकल्यावर बर्फासारखं चमकतं. सुटी ग्लिटर मी घरात आणत नाही, ती मार्चमध्ये सुद्धा पायाला चिकटते आणि शिवाय बहुतेक ग्लिटर प्लास्टिकच असते. साखर मात्र ग्लूवर लावू नका, मुंग्या येतील.

संत्र्याच्या चकत्या हे सगळ्यात कमी मेहनतीचं आणि सगळ्यात सुंदर दिसणारं काम. पाच-सहा मिलिमीटरच्या सारख्या चकत्या (चिरायचं काम तुमचं), टिशूने दोन्हीकडून नीट टिपून घ्या, हे मुलांना द्या, दाबू नका म्हणून सांगा. ओव्हन ९० ते १०० डिग्री, तीन ते चार तास, दर तासाला उलटायचं, मधून मधून दार किंचित उघडून वाफ जाऊ द्यायची. घाई करून तापमान वाढवलं की कडा काळ्या पडतात आणि मधे चिकट राहतं. मधल्या भागाला बोट लावल्यावर चिकटलं नाही की झालं. दोरा ओवून खिडकीत टांगा, मागून ऊन आलं की प्रत्येक फोड वेगळी दिसते, रंगीत काचेसारखी. दमट हवेत या परत मऊ पडू शकतात, बुरशीचा ठिपका दिसला की सरळ फेकून द्या.

इथपर्यंत सगळं न खायचं होतं. आता खायचं, आणि इथे माझा एकच कडक नियम आहे, दोन्ही एकाच दिवशी नाही. एकाच टेबलावर गोड पीठ आणि मिठाचं पीठ दोन्ही असेल तर तीन वर्षांच्या मुलाला फरक कळायचं कारणच नाही. गंमत म्हणजे जुन्या काळी हा फरक नव्हताच. १६०५ सालच्या एका प्रवासवर्णनात स्ट्रासबर्गमधल्या घरांतल्या झाडांबद्दल लिहिलंय, झाडाला रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदं, पातळ वेफर, सोनेरी वर्ख आणि साखरेचे पदार्थ टांगलेले. म्हणजे डेकोरेशन हाच खाऊ. तेच करायचं असेल तर काच-कुकी करा, झाडाला पण लागते आणि पोटात पण जाते.

याचं पीठ लक्षात ठेवायला सोपं आहे, एक-दोन-तीन. शंभर ग्रॅम साखर, दोनशे ग्रॅम बटर, तीनशे ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ, हवं तर एक चमचा सुंठ आणि अर्धा चमचा दालचिनी पूड. यात अंडं नाही, बेकिंग पावडर नाही, त्यामुळे कापलेला आकार ओव्हनमध्ये फारसा पसरत नाही. साखर पिठीसारखी बारीक हवी. बटर मऊ, पण वितळलेलं नाही. आधी बटर-साखर फेटा, मग मैदा घालून हलक्या हाताने गोळा करा, मळत बसायचं नाही, मिठाच्या पिठाला जेवढं मळलं तेवढं चांगलं, इथे जेवढं मळाल तेवढी कुकी चिवट. मुलांना हे उलटं होतं, त्यांना मळायलाच आवडतं, म्हणून त्यांच्याकडे मैदा चाळायचं आणि मोजायचं काम. गोळा चपटा करून झाकून अर्धा तास फ्रीजमध्ये. आणि कच्चं पीठ चाटायचं नाही, अंडं नसलं तरी नाही, मैदा हा कच्चा असतो आणि त्यात सुद्धा पोट बिघडवणारे जंतू असू शकतात.

अर्धा सेंटिमीटर जाड लाटून आकार कापा, मग प्रत्येकाच्या मधोमध छोट्या कटरने किंवा बाटलीच्या झाकणाने खिडकी पाडा आणि वर स्ट्रॉने दोऱ्याचं भोक. मधल्या वेळात पारदर्शक कडक गोळ्या, लाल-हिरव्या-पिवळ्या, रंगाप्रमाणे वेगवेगळ्या जाड पिशव्यांत घालून लाटण्याने ठोकून भुगा करायचा, हे काम मुलं जीव ओतून करतात, शेजाऱ्यांची झोप होऊन गेल्यावर करा. ओव्हन १७० डिग्री. आधी दहा मिनिटं नुसत्या कुकी भाजा, बाहेर काढून खिडकीत भुगा काठोकाठ भरा, परत पाच-सहा मिनिटं. भुगा वितळून सपाट झाला की लगेच काढा, जास्त ठेवलात तर बुडबुडे येऊन करपतो. पहिल्यापासून गोळी घालून भाजलं तर तेच होतं. बाहेर काढल्यावर ट्रे मुलांच्या हाताला येईल असा ठेवायचा नाही, वितळलेली साखर उकळत्या पाण्यापेक्षा गरम असते आणि त्वचेला चिकटून बसते. बटर पेपरवरच पूर्ण गार होऊ द्या, अर्धवट गरम असताना उचललं की खिडकी लोंबते. गार झालेली पहिली कुकी उचलून मुलाला दिव्यासमोर धरायला द्या. आमच्याकडे लेकीने ती डोळ्याला लावली आणि "सगळं घर लाल झालं" म्हणत खोलीभर फिरली, मग हिरवी, मग पिवळी. झाडावर लावणार असाल तर एक-दोन दिवसांपुरतीच, हवेत साखर चिकट होते. बाकीच्या हवाबंद डब्यात, प्रत्येक थरामध्ये बटर पेपर.

आयसिंगसाठी दोनशे ग्रॅम आयसिंग शुगरला साधारण दोन टेबलस्पून दूध किंवा लिंबाचा रस, पण अर्ध्या-अर्ध्या चमच्याने. कच्च्या अंड्याचा पांढरा भाग घालतात ते मुलांसाठी मी टाळते. चमचा उचलल्यावर पडलेली रेघ दहा सेकंदांत विरली तर भरायला बरोबर, विरलीच नाही तर नक्षी काढायला बरोबर, लगेच विरली तर पातळ झालंय, साखर घाला. झिप बॅगमध्ये भरून कोपरा कापा, तुम्हाला वाटतंय त्याच्या निम्मा कापा, भोक मोठं करता येतं छोटं करता येत नाही. चिकटवायच्या रंगीत गोळ्या आयसिंग ओलं असतानाच. मग रात्रभर उघड्यावर.

अगदी लहान मुलं असतील किंवा ओव्हनच नसेल तर हे सगळं सोडा आणि बर्फाचे गोळे करा. दोनशे ग्रॅम साधी बिस्किटं पिशवीत घालून चुरा, दोन टेबलस्पून कोको, आणि गोळा वळता येईल इतकं कंडेन्स्ड मिल्क, चारशे ग्रॅमच्या टिनमधलं साधारण निम्मं लागतं पण सगळं एकदम ओतू नका. ओल्या हाताने गोळ्या वळून डेसिकेटेड कोकोनटमध्ये घोळवा, फ्रीजमध्ये तासभर. चॉकलेट बार्क त्याहून सोपं, चॉकलेट वितळवून बटर पेपरवर पसरायचं, वर बेदाणे, बिस्किटाचे तुकडे, पेपरमिंट, गार झालं की हाताने तोडायचं. एकच सांभाळा, वितळताना पाण्याचा एक थेंबही पडायला नको, लगेच गोळा होऊन रवाळ होतं. मायक्रोवेव्हमध्ये करत असाल तर वीस-वीस सेकंद आणि दर वेळी ढवळणं. पाच वर्षांखालच्यांसाठी अख्खा सुकामेवा नको, घशात अडकतो, पूड किंवा अगदी बारीक तुकडे. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध घातलेलं काहीच द्यायचं नाही.

झाडावर लावताना जड वस्तू फांदीच्या आत खोडाजवळ, हलक्या कागदाच्या टोकाला. खालची हातभर उंची कागद आणि शंकूंना द्या, ती रांगणाऱ्यांची हद्द. छोट्या एलईडी दिव्यांच्या माळा असतील तर त्यांच्या बॅटरीच्या डब्याचं झाकण स्क्रूचं आहे ना ते बघा, त्यातल्या बटणासारख्या चपट्या सेलपैकी एक जरी मुलाने गिळला तर काही तासांत अन्ननलिका भाजते, अशा वेळी वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल.

आवरताना कुकी उरलेल्या नसतातच. संत्र्याच्या चकत्या टाकून द्या, पुढच्या वर्षी ताज्या करा. मिठाचे तारे प्रत्येक वेगळा टिशूत गुंडाळून हवाबंद डब्यात, सोबत बुटांच्या खोक्यात येते ती सिलिका जेलची पुडी, आणि डब्यावर मोठ्या अक्षरात "खायचं नाही". हे शेवटचं मी मोठ्या माणसासाठी लिहिलंय. आमच्याकडे जानेवारीत एक तारा चावला गेला तो मुलांकडून नव्हे, रात्री अकरा वाजता गुपचूप डबा उघडणाऱ्या त्यांच्या बाबाकडून.